स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट: मासा एकच की दोन? आणि वाण ओळखायचं कसं?

सांतिनेजकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पणजीत माझी छोटी खाणावळ आहे. रोजचं ताट आपल्या नुस्त्याचंच, पण शनिवार-रविवारी एखादा वेगळा पदार्थ ठेवते. आता ट्राउट ठेवायचा विचार आहे. पुरवठादारानं नमुन्याला दोन प्रकार दिले. एक हिमाचलचा अख्खा मासा, पाव किलोच्या आसपास, कागदावर 'रेनबो ट्राउट'. दुसरा नॉर्वेचा गोठवलेला जाड तुकडा, डोकं-शेपूट काढलेला, पाकिटावर 'स्टीलहेड'. भाव जवळपास तिप्पट. तो म्हणतो, हे दोन वेगळे मासे आहेत, स्टीलहेड म्हणजे सामनचीच जात.

दोन्ही ओट्यावर शेजारी ठेवून नीट पाहिले. हिमाचलच्या माशाची पाठ हिरवट, अंगभर बारीक काळे ठिपके, अगदी शेपटीवरसुद्धा. कल्ल्यापासून मागे जाणारा गुलाबी पट्टा. पाठीवरचा पर मात्र झिजून आखूड झालेला, त्यातल्या काड्या वाकलेल्या. मांस पांढरट. नॉर्वेच्या तुकड्याची कातडी चांदीसारखी, ठिपके फक्त वरच्या अंगाला, पट्टा नाहीच. मांस भडक नारिंगी आणि मधूनमधून चरबीच्या पांढऱ्या रेघा.

दिसायला खरंच दोन वेगळे मासे वाटतात. पण फळ्यावर मी जे लिहीन ते खरं असायला हवं, लोक विश्वासानं खातात. शिवाय नेटवर वाचलं की रेनबोचे कितीतरी वाण असतात. ते कसे ओळखतात? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

---

म्हापशेकर

रंग वेगळा, चव वेगळी, भाव वेगळा, म्हणजे मासा वेगळा. मी दोन्ही खाल्लेत. स्टीलहेड सामनच्या जवळचा लागतो, ट्राउट नाही. बाजारात मासा ओळखायला आपल्याला डोळे आणि जीभ पुरते.

---

मत्स्यविद्या

सांतिनेजकर ताई, माशाचं शिक्षण घेतलंय आणि काही काळ हिमाचलात ट्राउटच्या फार्मवर काम केलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

दोन्ही मासे एकाच प्रजातीचे आहेत. शास्त्रीय नाव ऑन्कोरिंकस मायकिस. रशियाच्या कामचाटकातल्या माशावरून वॉल्बाउमनं १७९२ साली त्याचं वर्णन केलं. अमेरिकेतल्या माशाला १८३६ मध्ये रिचर्डसननं साल्मो गेर्डनेरी असं वेगळं नाव दिलं. दोन्ही एकच असल्याचं मान्य होऊन १९८९ पासून सगळीकडे ऑन्कोरिंकस मायकिस वापरतात. ऑन्कोरिंकस हे पॅसिफिक सामनचं कूळ. म्हणजे 'सामनच्या नात्यातला' हे पुरवठादाराचं बोलणं खरं, पण ते हिमाचलच्या पाव किलोच्या माशालाही तितकंच लागू पडतं.

नदीत जन्मून आयुष्यभर गोड्या पाण्यातच राहिला तो रेनबो. नदीत जन्मून एक ते तीन वर्षं तिथं काढली, मग समुद्रात गेला, तिथं वाढला आणि अंडी घालायला परत नदीत आला तो स्टीलहेड. समुद्राकडे निघताना पिल्लाच्या अंगात मोठे बदल होतात. अंगावरचे उभे गडद डाग पुसट होतात, खवल्यांत ग्वानिन नावाचा चमकदार पदार्थ साठून कातडी चंदेरी होते, आणि कल्ले शरीरात शिरणारं मीठ बाहेर टाकायला शिकतात. तोच मासा नदीत परतून काही आठवडे राहिला की पुन्हा काळवंडतो, गुलाबी पट्टा परत येतो. तेव्हा चंदेरी कातडीवरून मासा कुठल्या पाण्यातून आला ते कळतं. त्याचं कूळ कळत नाही.

मांसाच्या रंगाचं तर त्याहून सोपं आहे. नारिंगी रंग अॅस्टाझँथिन या रंगद्रव्याचा. रानातल्या माशाला तो झिंग्यासारख्या कवचवाल्या जिवांतून मिळतो, पाळलेल्याला खाद्यातून देतात. खाद्यात नसेल तर मांस पांढरट. नॉर्वेत रेनबो आधी गोड्या पाण्यात वाढवतात, मग फ्योर्डमधल्या, म्हणजे समुद्राच्या खोल अरुंद खाड्यांतल्या, पिंजऱ्यांत सोडून काही किलोंचा करतात. त्यालाच कुणी फ्योर्ड ट्राउट, कुणी सामन ट्राउट, कुणी स्टीलहेड म्हणून विकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या यादीत या एका प्रजातीला 'रेनबो' आणि 'स्टीलहेड' दोन्ही नावं चालतात. चीनमध्ये २०१८ साली तिथल्या मत्स्यव्यापारी संघटनेनं रेनबोला सामन म्हणून विकायची मुभा दिली, त्यावर ग्राहकांनी मोठा आरडाओरडा केला होता.

आणि तो झिजलेला पर. सिमेंटच्या टाकीत दाटीवाटीनं वाढलेल्या माशाची ती खूण आहे. पर टाकीला घासतात, मासे एकमेकांचे पर कुरतडतातही.

---

गरी

मत्स्यविद्या यांच्याशी बहुतेक सहमत. पण आकाराचं काय? मी मुन्नारला आणि निलगिरीत ट्राउटला गळ टाकलाय. तिथला मासा किलोच्या वर गेला तरी आनंद होतो. स्टीलहेड मात्र दहा-पंधरा किलोंपर्यंतही जातात. एवढा फरक निव्वळ पाण्यानं पडतो हे पटत नाही. माझ्या मते मोठा वाढतो तो स्टीलहेडचा वाण, लहान राहतो तो रेनबोचा.

---

कोलंबियाकाठी

मूळ डिचोलीचा, आता अमेरिकेत कोलंबिया नदीच्या काठी राहतो. इथं स्टीलहेड हा लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय, जसा आपल्याकडे पहिल्या पावसातले चढणीचे मासे.

गरी बाब, आकारावर जाऊ नका. ब्रिटिश कोलंबियात कुटने सरोवर आहे. तिथला जेरार्ड वाण समुद्राचं तोंडही बघत नाही, तरी सरोवरातच राहणारे 'कोकनी' जातीचे सामन खाऊन नऊ किलोंच्या वर जातो. कॅनडातल्याच डीफेनबेकर सरोवरात २००९ साली जवळजवळ बावीस किलोंचा रेनबो गळाला लागला. तो फार्ममधून निसटलेला त्रिगुणित मासा होता, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेला. असे मासे वांझ असतात, सगळी ताकद वाढीत घालतात. उलट इथल्या 'रोग' आणि 'क्लॅमथ' नावाच्या नद्यांत समुद्रात काही महिनेच काढून परतणारे स्टीलहेड असतात, त्यांना 'हाफ पाउंडर', म्हणजे अर्ध्या पौंडाचे, म्हणतात. नावावरूनच आकार कळेल. आणि मिशिगनसारख्या गोड्या सरोवरांतून नद्यांत चढणाऱ्या माशांनाही तिकडचे लोक स्टीलहेडच म्हणतात.

कोलंबियावरच्या बॉनव्हिल धरणावर मासे चढायला पायऱ्यांची वाट आहे आणि तिला काचेची खिडकी. तिथं बसून माणसं जाणारा प्रत्येक मासा मोजतात. स्नेक नदीकडे जाणाऱ्या स्टीलहेडचे इथं दोन गट मानतात, ए आणि बी. बी गटातले बहुधा समुद्रात एक वर्ष जास्त काढतात, म्हणून मोठे. धरणावर हिशोबासाठी ७८ सेंटिमीटरची रेघ धरली आहे, तेवढा किंवा मोठा तो बी. पण जनुकं तपासली की कळतं, ए गटातलेही काही रेघेपलीकडे जातात आणि बी गटातले काही अलीकडेच राहतात. आयुष्य माशांत घालवलेल्या लोकांनाही एका माशाकडे बघून गट छातीठोक सांगता येत नाही.

नजरेनं नक्की सांगता येईल अशी एकच खूण इथं आहे, आणि ती माणसानं केलेली. पाठीच्या मागच्या भागात, शेपटीच्या अलीकडे, एक छोटा मांसल पर असतो, त्यात काड्या नसतात. हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवतात त्या केंद्रात, पिल्लं लहान असतानाच तो कापतात, तो परत उगवत नाही. पर नसलेला मासा हॅचरीचा, बहुतेक नद्यांत घरी न्यायला परवानगी. पर शाबूत असेल तर रानातला समजून पाण्यातच सोडायचा.

सामनपासून वेगळा ओळखणं त्यामानानं सोपं. खालच्या बाजूचा, गुदद्वारामागचा पर पाहा. ट्राउट-स्टीलहेडमध्ये त्याच्या काड्या साधारण ८ ते १२, पॅसिफिक सामनमध्ये १३ किंवा जास्त. चिनूक सामनच्या हिरड्या काळ्या, स्टीलहेडचं तोंड आतून पांढरं. ताईंच्या तुकड्याला मात्र ना डोकं ना पर, तेव्हा तिथं यातलं काहीच चालणार नाही.

---

खाजनवाला

हे वाचताना सारखी चोणक (तुमच्याकडचा जिताडा) आठवतेय. आमच्याकडे मानशीच्या, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, जाळ्यात येते ती काळपट, पितळी झाक असलेली, आणि समुद्रातून होडीवर येते ती लखलखीत चांदी. बाजारात बायका दोन्हींचा भाव वेगळा सांगतात. पण चोणक ती चोणकच. गढूळ, कमी खारट पाण्यात राहिली की काळवंडते, समुद्रात गेली की उजळते.

तिचा प्रवास स्टीलहेडच्या उलटा. जन्म नदीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात, पिल्लं वर खाजनात (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीत) आणि गोड्या पाण्याकडे चढतात, वाढून पुन्हा मुखाशी अंडी घालायला येतात. त्यात हा मासा आधी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. आता पिंजऱ्यातली चोणकही येते, हॅचरीच्या बोटुकल्यांपासून वाढवलेली. ती आणि नदीतली, तव्यावर पडल्यावर वेगळी सांगून दाखवावी कुणी.

मानशी आणि खाजनं टिकली तरच हा मासा टिकेल. बांध फुटले की कुणी बघत नाही, याची फार चुटपुट लागते. धाग्याचा विषय वेगळा आहे, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

---

सांतिनेजकर

खाजनवाला काका, बरं केलंत सांगितलंत. मानशीची चोणक मीही घेते.

म्हणजे स्टीलहेड ही जीवनपद्धती, हे लक्षात आलं. मग 'वाण' म्हणजे काय? शास्ता, ईगल लेक, स्कमेनिया अशी नावं वाचली. ती कशावरून वेगळी धरतात?

---

मत्स्यविद्या

ताई, इथं तीन गोष्टी एकमेकांत मिसळल्या जातात. निसर्गात तयार झालेल्या उपजाती, एकेका नदीच्या किंवा सरोवराच्या स्थानिक वस्त्या, आणि माणसानं हॅचरीत निवडून घडवलेले वाण.

उपजाती काही अंशी डोळ्यांना दिसतात. किनारी रेनबोला बारीक, दाट ठिपके. आतल्या प्रदेशातल्या रेडबँडला ठिपके मोठे, अंगावर पिवळसर-नारिंगी छटा, परांना पांढरी टोकं, आणि लहानपणीचे उभे डाग मोठेपणीही अंगावर राहतात. कॅलिफोर्नियाच्या कर्न पठारावरची गोल्डन ट्राउट तर सोनेरी, पोटाशी लालभडक. पण इथंही फसायला होतं. वेस्ट व्हर्जिनियातल्या हॅचरीत १९५०च्या दशकात एक पिवळं पिल्लू निपजलं, त्याच्यापासून पिवळ्या रेनबोची पैदास वाढवली. ती साधी रेनबोच, फक्त रंग बदललेला. कर्नच्या गोल्डनशी तिचा काही संबंध नाही.

बाह्यरूपावर भिस्त ठेवली की काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण कॅमलूप्सचं. ब्रिटिश कोलंबियातल्या या ट्राउटला जॉर्डननं १८९२ मध्ये स्वतंत्र प्रजाती ठरवलं. एक आधार होता खवल्यांच्या ओळींची संख्या. पुढे १९३०च्या दशकात मॉटलीनं कॅमलूप्सची अंडी वेगवेगळ्या तापमानांत वाढवून पाहिली, तर खवल्यांची संख्याच बदलली. ज्यावरून प्रजाती वेगळी मानली तो आकडा अंडं कुठल्या पाण्यात उबलं त्यावर हलत होता! म्हणून मासा हातात घेऊन कुणी वाणाचं नाव सांगू लागलं की मी आधी विचारतो, कागद कुठे आहे?

हॅचरीचे वाण ओळखायचे ते त्यांच्या वागण्यावरून आणि नोंदींवरून. अंडी कुठल्या महिन्यात देतात, किती लवकर वाढतात, कुठल्या रोगाला टिकतात. वॉशिंग्टन विद्यापीठात लॉरेन डोनाल्डसननं १९३० च्या दशकापासून निवड करत भराभर वाढणारा वाण तयार केला. जर्मनीचा होफर वाण गरगर-रोगाला दाद देत नाही. या रोगात एक परजीवी पिल्लाची कूर्चा, म्हणजे मऊ हाडं, पोखरतो आणि मासा स्वतःभोवती फिरत राहतो. कोलोरॅडोनं म्हणूनच होफरचा आपल्या माशांशी संकर केला. आता होफर आणि साधा फार्मचा रेनबो ओट्यावर शेजारी ठेवा, काही फरक दिसणार नाही.

भारतातल्या रेनबोचा वंश तर फारच फिरून आलाय. न्यूझीलंडला १८८३ मध्ये कॅलिफोर्नियातून अंडी गेली. निलगिरीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एच. सी. विल्सननं अॅव्हलांचला हॅचरी उभारली, त्यासाठी अंडी न्यूझीलंडसकट परदेशांतूनच आली. काश्मीरमध्ये १९०० साली आली ती ब्राउन ट्राउट, ती आणखी वेगळी प्रजाती, अंगावर लाल ठिपके आणि शेपटीवर ठिपके जवळजवळ नसतात. कोकरनागचा मोठा प्रकल्प १९८० च्या दशकात युरोपच्या मदतीनं झाला, हिमाचलातल्या पतलीकुहलच्या फार्मला नॉर्वेचं सहकार्य होतं. म्हणजे ताईंचा 'हिमाचली' आणि 'नॉर्वेजियन' मासा एकमेकांचे चुलते-पुतणे असायलाही हरकत नाही.

---

म्हापशेकर

मत्स्यविद्या, हे सगळं ठीक. पण एक प्रश्न सुटत नाही. रक्त एकच, नदी एकच, तर एक मासा समुद्रात जातो आणि त्याचा भाऊ नदीतच का बसतो? काहीतरी वेगळं असल्याशिवाय असं होईल का?

---

कोलंबियाकाठी

म्हापशेकर बाब, नेमका प्रश्न विचारलात. वेगळं असतं, पण ते जातीच्या आत असतं.

रेनबोच्या पाचव्या गुणसूत्रावर एक मोठा भाग उलटा बसलेला आढळतो. त्याची दोन रूपं आहेत. एक असलेले मासे समुद्राकडे जास्त ओढले जातात, दुसरं असलेले नदीत राहतात. कॅलिफोर्नियात धरणांच्या वर अडकलेल्या वस्त्यांत नदीत राहणारं रूप वाढलेलं दिसतं, कारण जे खाली समुद्राकडे गेले ते परत वर येऊच शकले नाहीत. पण हा शिक्का नाही, कल आहे. पाण्याचं तापमान, खायला किती मिळतं, नर की मादी, सगळं मिळून ठरतं. माद्या जास्त जातात, कारण समुद्रात अंग भरलं की अंडी कितीतरी जास्त धरता येतात. नराला लहान राहूनही काम साधता येतं. एकाच जोडीची पिल्लं दोन्ही वाटांनी जाऊ शकतात.

उन्हाळी आणि हिवाळी स्टीलहेडचंही तसंच. उन्हाळी मासा कच्चा असतानाच नदीत शिरतो, महिनोन् महिने तिथं थांबून पुढच्या वसंतात अंडी घालतो. हिवाळी मासा पिकूनच येतो. हा फरक अठ्ठाविसाव्या गुणसूत्रावरच्या एका छोट्या भागाशी बांधलेला आहे. स्कमेनिया हा वॉशुगल आणि क्लिकिटॅट नद्यांच्या माशांपासून घडवलेला उन्हाळी वाण, चेंबर्स क्रीक हा लवकर येणारा हिवाळी. दोन्ही वॉशिंग्टन राज्यातले.

सगळ्यात बोलकं उदाहरण अर्जेंटिनाचं. पॅटागोनियातल्या सांता क्रूझ नदीत शंभरेक वर्षांपूर्वी सोडलेल्या रेनबोंच्या वंशजांतून आज काही अटलांटिक समुद्रात जाऊन येतात, बाकीचे नदीतच असतात. तिथं मुळात ट्राउटच नव्हती.

आणि एखाद्या माशाचा प्रवास खरोखर तपासायचा असेल तर त्याच्या कानातला खडा, कर्णाश्म, कापून पाहतात. झाडाच्या खोडासारखी त्यात वर्षांची वर्तुळं असतात. समुद्राच्या पाण्यात स्ट्राँशियम हे मूलद्रव्य जास्त, म्हणून समुद्रात घालवलेल्या वर्षांच्या वर्तुळात ते जास्त सापडतं. अगदी मधला बिंदू अंड्यातल्या बलकावर बनतो, तेव्हा आई समुद्रातून आली होती का तेही कळतं. वाण ठरवायला मात्र जनुकं. इथल्या स्नेक खोऱ्यातल्या हॅचऱ्यांत प्रत्येक आई-बापाच्या पराचा कपटा जपून ठेवतात. पुढे कुठेही पकडलेल्या पोराच्या पराशी तो जुळवला की हॅचरी आणि वर्ष दोन्ही सापडतं. ज्यांनी ही चिकाटी दाखवली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण रानातली वस्ती खरंच कमी होतेय की हॅचरीच्या माशांनी आकडा फुगलाय, हे यातूनच समजतं. दक्षिण कॅलिफोर्नियातले स्टीलहेड १९९७ पासून धोक्यातल्या यादीत आहेत. 'सगळे रेनबोच तर आहेत, हॅचरीतून सोडा हवे तेवढे' असं म्हटलं की तो वंश संपला.

---

गरी

जेरार्डचं आणि धरणावरच्या रेघेचं वाचून पुष्कळ उलगडा झाला. मुन्नारच्या माशाकडे आता वेगळ्या नजरेनं बघेन. गोव्यात कुणी ट्राउट पाळायचा प्रयत्न केलाय का?

---

मत्स्यविद्या

उघड्या पाण्यात शक्यच नाही. ट्राउटला १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं, २५ च्या आसपास ती मरायला लागते. म्हादई-जुवारीचं पाणी वर्षभर तिला मानवतं त्याहून बरंच गरम. पाणी थंड करून, गाळून पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या बंदिस्त टाक्यांत होऊ शकतं, तेलंगणात तसा प्रकल्प सुरू झालाय. विजेचा खर्च मात्र आधी मांडून पाहावा.

---

रांधप

स्वयंपाकघरातून दोन गोष्टी. छोट्या ट्राउटचे खवले इतके बारीक असतात की काढायची गरज नाही, नुसती बुळबुळ मिठानं चोळून धुवा. पोटात रेशाद (आपला लाल, आंबट-तिखट मसाला) भरून, रव्यात घोळवून अख्खी तळा, छान होते. नॉर्वेच्या तुकड्याला चरबी जास्त, त्याला रेशाद लावलात तर मसाला आणि तेल दोन्ही अंगावर येतात. त्याला मीठ, मिरी, लिंबू पुरे. कातडीची बाजू आधी तव्यावर, आणि मधलं मांस जरा ओलसर असतानाच उतरवा. हुमणात दोन्ही घालू नका, नारळाखाली चवच राहत नाही.

---

सांतिनेजकर

सगळ्यांचे मनापासून आभार. फळ्यावर असं लिहिणार आहे: 'रेनबो ट्राउट, हिमाचल, गोड्या पाण्यातली, अख्खी' आणि 'रेनबो ट्राउट, नॉर्वे, समुद्री पिंजऱ्यातली, तुकडा'. दुसरीच्या खाली बारीक अक्षरात 'स्टीलहेड नावानेही मिळते'. सामन हा शब्द नाही. चालेल ना? आणि पुरवठादाराला नेमकं काय विचारू?

---

मत्स्यविद्या

चालेल, उत्तम आहे. त्याला खोक्यावरचं मूळ लेबल मागा, नुसतं त्याचं बिल नको. युरोपातून निघालेल्या मालावर शास्त्रीय नाव आणि पाळलेला की पकडलेला हे बहुधा असतंच. ऑन्कोरिंकस मायकिस असेल तर तुमचा फळा बरोबर. साल्मो सालार असेल तर तो अटलांटिक सामन, मग नाव बदला. हिमाचलच्या मालासाठी फार्मचं नाव आणि बीज कुठल्या हॅचरीतलं ते विचारा. फार्मवाले सांगतात, त्यांच्याकडे वही असते. त्यात वाणाचं नाव नसेल तर फळ्यावरही वाण लिहू नका.

---

म्हापशेकर

ताई, या शनिवारी दोन्ही ठेवा. मी येतो, आणि दोन्ही एकाच ताटात वाढा.